नखाखालची टणक गाठ : कापू नका, एक्स-रे काढा

(मुदखेड येथे स्वयंसेवक व हितचिंतकांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी पायाच्या अंगठ्याच्या नखाविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण आपण ज्या वाड्यांवर आणि पोडांवर जातो, तिथे माणसाचे पोट पायांवर चालते. कापूस वेचणे, मोहफुले गोळा करणे, सरपण आणणे, शाळा गाठणे, सगळे पायीच. इथे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ते पाहून आपल्या भागातली किती तरी मुले भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. अशा मुलाचा अंगठा दुखू लागला, तर त्याची वर्षभराची मेहनत वाया जाते.

अंगठ्याच्या शेवटच्या हाडावर, नखाच्या खाली, कधी कधी हाडाचाच एक कोंब फुटतो. त्याच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. डॉक्टर याला ‘सबअंग्वल एक्सोस्टोसिस’ म्हणतात. आजार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात द्युपुत्रां या फ्रेंच सर्जनने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. हा कर्करोग नव्हे आणि संसर्गही नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. बहुतेक वेळा तो पायाच्या अंगठ्यालाच होतो आणि जास्त करून शाळा-कॉलेजच्या वयात दिसतो. अनेकांना आधी ठेच लागलेली असते किंवा घट्ट बुटाचा त्रास झालेला असतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसे असतेच असे नाही.

ओळखायचे कसे? नखाच्या टोकाखाली किंवा कडेला गुलाबी वा कातडीच्या रंगाची गाठ दिसते. ती हळूहळू वाढते आणि नख वर उचलते. बूट घातला, चालले किंवा वरून दाबले की दुखते. मुख्य खूण म्हणजे ती दगडासारखी टणक असते आणि हलत नाही. नख रुतले असेल तर कडेचे मांस मऊ, सुजलेले असते आणि अनेकदा पू येतो. चामखीळ खरखरीत असते. बुरशीने नख जाड आणि पिवळे होते, पण खाली टणक गाठ नसते. तरीही नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. वरची कातडी फाटून जखम झाली की जाणत्या माणसाचीही फसगत होते.

किनवटकडच्या एका पोडावरची नववीतली मुलगी मला आठवते. ती आश्रमशाळेत होती. नख रुतले असे समजून कोणीतरी तिचे नख दोनदा कापले. पुढे घरच्यांनी बिब्ब्याचा चटका दिला. जखम चिघळली, गाठ मात्र तिथेच राहिली. ती टाचेवर चालू लागली आणि मग शाळेत जायचीच बंद झाली. मी दवाखान्याचे नाव काढले, तेव्हा तिच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “ताई, अंगठा तोडतेत का? मग पोरगी रानात कशी चालंल?”

त्यांना पैशाची काळजी होतीच, पण मोठी भीती ही होती. या भीतीपोटीच लोक महिनोन्‌महिने घरी बसतात. म्हणून या आजारात अंगठा तोडत नाहीत, ही गोष्ट त्यांना आपण सर्वांत आधी सांगितली पाहिजे.

पहिले काम एक्स-रेचे. तो बाजूने काढावा लागतो आणि त्या वेळी बाकीची बोटे बाजूला धरावी लागतात. नुसता वरून काढला तर कोंब हाडाच्या सावलीत लपू शकतो. अगदी सुरुवातीला कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दुखणे थांबले नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा काढावा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. किनवटच्या लोकांना गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. शस्त्रक्रियेसाठी नांदेडला जायचे ठरले, तर आदिलाबाद मार्गावरची रेल्वे किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेडला येते आणि इथून नांदेड वीसेक किलोमीटर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे. ते वेगळ्या विभागाकडे असल्याने तिथे थोडी फी लागू शकते. आधार आणि शिधापत्रिका सोबत ठेवा.

उपचार म्हणजे छोटी शस्त्रक्रिया. अंगठ्याच्या मुळाशी भुलीची सुई देतात. नख थोडे किंवा पूर्ण उचलून हाडाचा कोंब मुळापासून काढतात आणि तळ खरवडतात. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मूळ शिल्लक राहिले तर गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून वरवर छाटून भागत नाही. घरी पाय उशीवर ठेवावा, पट्टी कोरडी ठेवावी आणि चिखलात जाऊ नये. पायाचे नख पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष लागते, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरचे घाबरत नाहीत.

काही वेळा थांबूच नका. नखाखाली काळा डाग किंवा पट्टा पसरत असेल, जखम भरत नसेल, ताप आणि पू असेल, मधुमेह असेल किंवा पायाला स्पर्श कळत नसेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ताप आणि पू असेल तर त्याच दिवशी. काळा डाग कधी कधी गंभीर आजाराचा असतो. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणूनच ती धोक्याची.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. वडील दोन दिवस दवाखान्यात बसून होते. त्या दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे मदतनिधीतून दिले. तेवढे मिळाले नसते तर ते आले नसते. पुढच्या सत्रात मुलगी शाळेत परतली.

हितचिंतकहो, उपचार मोफत असले तरी दवाखान्यापर्यंतची वाट मोफत नसते. तुमच्या देणगीतून गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि रुंद तोंडाची चप्पल घेतली जाते. स्वयंसेवकांना विनंती की पुढच्या भेटीत मुलांचे पाय उघडे करून पाहा. टणक गाठ आढळली तर ब्लेड आणि बिब्बा दूर ठेवा, घरच्यांची भीती ऐकून घ्या, आणि एक्स-रेला त्यांच्यासोबत स्वतः जा.