अटकेचे कारण कोणत्या भाषेत?
(व्याख्यानाचा मजकूर)



येळ्ळुरात न्यायालयाचा कागद आला की तो कोणाकडून वाचून घ्यावयाचा, हा पहिला प्रश्न. कागद कन्नडमध्ये, आणि घरातील वडीलधाऱ्यांना मराठीखेरीज दुसरे अक्षर ठाऊक नसते. जुलै 2014 मधील फलकाच्या प्रकरणानंतर तर गावातील अनेकांना पुढे कित्येक वर्षे बेळगावच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

अटक झालेल्यास कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे व 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेले पाहिजे, असे घटनेचे 22वे कलम सांगते. पण कोणत्या भाषेत सांगावयाचे? 1961 साली नागपूरच्या हरिकिसन यांना स्थानबद्ध केले गेले. कारणांचा कागद इंग्रजीत होता. त्यांनी हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. अधिकाऱ्याने तोंडी समजावून दिले होते, ही सरकारची बाजू 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. ज्याला जी भाषा कळत नाही, तीत त्याला कळविले हे कळविणेच नव्हे, असा त्या निकालाचा आशय.

तो प्रश्न स्थानबद्धतेपुरता होता. मुंबईतील एका अपघाताच्या खटल्यात 6 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायालयाने हे तत्त्व सर्व गुन्ह्यांतील अटकेस लागू केले. कारणे लेखी व अटकेतील माणसास समजणाऱ्या भाषेत द्यावीत. तत्काळ शक्य नसल्यास तोंडी सांगून, कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. तसे न झाल्यास अटक बेकायदा ठरते.

आता महाजनांकडे. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा गावातील प्रतिष्ठिताची साक्ष लागते, आणि ती सही बहुधा याच मंडळींपैकी कोणाकडे मागितली जाते. देवस्थानच्या वहिवाटीचा साधा कागदही चारचौघांत वाचल्याविना ज्यांच्याकडे पुढे सरकत नाही, त्यांनी चौकीत भीडेपोटी डोळे मिटून सही का करावी? वेळ व तारीख पाहावी, कारणे मराठीत मिळाली का हे त्या माणसालाच विचारावे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर मात्र जबाब देणाऱ्याची सही घ्यावयाचीच नसते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

यामुळे न्यायालयाची भाषा मराठी होते, असे नव्हे. दिवाणी नोटिशीस हा नियम लागत नाही. तेथे मुदत पाहून वकील गाठणे हाच मार्ग. फौजदारी खटल्यात मात्र हजर आरोपीस साक्ष समजत नसेल, तर ती भर न्यायालयात त्याच्या भाषेत सांगावी लागते. वकील शेजारी आहेत म्हणून गप्प न राहता ‘समजले नाही’ असे तेथेच सांगावे. वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.