वाघीण उलटी करून पाहा

जुन्या सामानात कधी कधी एखादा पुठ्ठ्याचा खोका निघतो आणि त्यात तळहातावर मावतील अशा मालगाडीच्या प्लॅस्टिकच्या वाघिणी सापडतात. कुणीतरी सुटे भाग चिकटवून त्या जोडलेल्या असतात, हाताने रंगवलेल्या असतात. वेष्टन केव्हाच गेलेलं असतं, जोडणीचा कागदही गेलेला. मग ही नेमकी कुठली वाघीण आणि कोणत्या कंपनीचा संच? मी बोलणार आहे ते ब्रिटिश संचांविषयी. एअरफिक्स, पार्कसाइड, रेशो, स्लेटर्स ही त्यातली ओळखीची नावं.

पहिलं सांगणं हे की रंगावर विसंबू नका. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारी झाल्या. त्यानंतर गाडीभर चालणारा व्हॅक्यूम ब्रेक नसलेल्या वाघिणींना साधारणपणे करडा रंग असे आणि तो ब्रेक असलेल्यांना तांबूस तपकिरी. क्रमांकाआधीचं अक्षरही बोलकं असे. एम म्हणजे पूर्वीच्या एलएमएस या रेल्वे कंपनीची, डब्ल्यू म्हणजे ग्रेट वेस्टर्न कंपनीची, बी म्हणजे नव्या सरकारी रेल्वेची स्वतःची. पण हे सगळं खऱ्या वाघिणीचं. प्रतिकृतीवर जोडणाऱ्याने आपल्या हौसेने हवा तो रंग दिलेला असतो, हाताशी असतील ते अंक चिकटवलेले असतात.

म्हणून वाघीण हलक्या हाताने उलटी करा. कधी तळाशी कंपनीचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं, आणि मग निम्मं काम झालं. नसेल तर मोजपट्टी घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ब्रिटनमधल्या बहुतेक प्रतिकृती फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणात असतात. तिथल्या कोळशाच्या जुन्या वाघिणींत हे अंतर 9 फूट असे, म्हणजे पट्टीवर 36 मिलिमीटर. पुढे वेगाने धावायच्या वाघिणींसाठी ते 10 फूट झालं, म्हणजे 40 मिलिमीटर. गार्डच्या डब्यात पुष्कळदा 16 फूट, म्हणजे 64. युरोपातल्या इतर देशांच्या प्रतिकृती सहसा फुटाला साडेतीन मिलिमीटरने बनतात. दोन्ही गाड्या एकाच, साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, त्यामुळे नुसत्या चाकांकडे पाहून हा फरक कळत नाही.

मापानंतर ब्रेक पाहा. मला स्वतःला सगळ्यात जास्त रस वाटतो तो इथे. काही वाघिणींना दोन्ही बाजूंच्या चाकांशी ब्रेकचे ठोकळे असत. काहींना ते एकाच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला नुसता दांडा. दांडा मात्र दोन्हीकडे, कारण यार्डातल्या माणसाला ब्रेक लावायला रूळ ओलांडून पलीकडे जावं लागू नये. ही गोष्ट ठाऊक नसली की एका बाजूला ठोकळे न दिसल्यावर ‘भाग हरवला’ असं वाटतं, आणि चांगल्या वाघिणीला नको ते चिकटवलं जातं. फार वाईट वाटतं ते पाहून. काही चिकटवण्याआधी त्या प्रकारच्या खऱ्या वाघिणीचे जुने फोटो शोधा. शक्यतो दोन्ही बाजूंचे.

गार्डचा डबा ओळखणं त्या मानाने सोपं. ग्रेट वेस्टर्नच्या गार्डच्या डब्याला उघडा सज्जा एकाच टोकाला असे, तर सरकारी रेल्वेच्या प्रमाणित डब्याला दोन्ही टोकांना.

एक सावधगिरी मात्र हवी. चाकांचा सांगाडा आणि वरचा डबा एकाच संचातले असतीलच असं नाही. हौशी लोक एका संचाचा सांगाडा दुसऱ्याच्या डब्याखाली सर्रास बसवत. मापं जुळत नसतील तर दोन्हींचा वेगवेगळा विचार करा.

आणि साचे कंपन्यांपेक्षा जास्त जगतात. एअरफिक्सच्या वाघिणींचे साचे 1980च्या दशकात डापोलकडे गेले, आणि डापोलने त्याच साच्यांतून संच काढणं चालू ठेवलं. रेशो आणि पार्कसाइड ही नावं पुढे पेकोच्या छत्राखाली आली. त्यामुळे नुसत्या साच्यावरून वाघीण 1960च्या दशकातली की अलीकडची, हे ठरत नाही. पण याचा एक मोठा फायदा आहे. तुमच्या जुन्या एअरफिक्स वाघिणीचा एखादा बफर खरोखरच हरवला असेल, तर डापोलच्या त्याच संचातला बफर तिथे बसण्याची आशा बाळगायला हरकत नाही. फक्त त्यासाठी ती वाघीण कोणती, हे आधी नक्की ठरवा.