एका देवापुरता कायदा

इंग्लंडमध्ये देवाची निंदा करणे हा गुन्हा ८ जुलै २००८ रोजी संपला. त्या दिवशी लंडनमध्ये कुठे घंटा वाजली नाही, की मोर्चा निघाला नाही. फौजदारी कायद्यात दुरुस्त्या करणाऱ्या एका भल्या मोठ्या विधेयकाच्या पोटात एक छोटेसे कलम होते, ते त्या तारखेपासून लागू झाले, इतकेच. सव्वातीनशे वर्षांहून जुना गुन्हा असा कारकुनी पद्धतीने निकालात निघाला.

हा कायदा मुळात संसदेने केलेला नव्हताच. तो न्यायाधीशांच्या निकालांतून तयार झाला होता. १६७६ साली जॉन टेलर नावाच्या एका इसमाने येशूविषयी आणि धर्माविषयी अर्वाच्य उद्गार काढले. ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग आहे, तेव्हा धर्माची निंदा म्हणजे कायद्याची निंदा, असे न्यायमूर्ती हेल यांनी सांगून टाकले. पुढच्या सगळ्या निकालांनी या एका वाक्याचे बोट धरले. आता श्रोत्यांना वाटेल, देवाची निंदा म्हणजे कुठल्याही देवाची. तसे नाही. १८३८ सालच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी स्पष्टच केले, की यहुदी धर्मावर, इस्लामवर, इतकेच काय पण ख्रिस्ती धर्मातल्या इतर पंथांवरही कोणी टीका केली तरी या कायद्याला त्याचे काही वाटणार नाही. संरक्षण फक्त राजमान्य चर्चला. म्हणजे रोमन कॅथलिक माणूससुद्धा या छत्रीच्या बाहेर भिजत उभा!

या गुन्ह्यासाठी प्रत्यक्ष तुरुंगात गेलेला शेवटचा माणूस ब्रॅडफर्डचा होता. जॉन विल्यम गॉट हे त्याचे नाव, पॅन्टी विकणे हा धंदा आणि धर्माची टवाळी करणारी पत्रके वाटणे हा उद्योग. जेरुसलेममध्ये शिरणाऱ्या येशूला त्याने सर्कशीतल्या विदूषकाची उपमा दिली. नऊ महिने सक्तमजुरी झाली. प्रकृती आधीच ढासळलेली होती. सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १९२२ साली तो वारला. त्यानंतर सारे शांत झाले. १९४९ साली लॉर्ड डेनिंग यांच्यासारख्या मोठ्या न्यायाधीशांनी जाहीर व्याख्यानात सांगितले, की हा कायदा आता मृतवत झाला आहे.

माझा व्यवसाय कायदा शिकवण्याचा. अनुभवाने सांगतो, पुस्तकातून न काढलेला कायदा मेलेला नसतो, झोपलेला असतो. त्याला उठवायला एक चिकाटीचा फिर्यादी पुरतो.

इथे तो फिर्यादी म्हणजे मेरी व्हाइटहाउस या बाई. दूरदर्शनवरील अश्लीलतेविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवणाऱ्या, पेशाने शिक्षिका. १९७६ साली समलिंगी वाचकांसाठी निघणाऱ्या 'गे न्यूज' या छोट्या नियतकालिकाने जेम्स किर्कप यांची एक कविता छापली. क्रूसावर मरण पावलेल्या येशूच्या देहाविषयी एका रोमन सैनिकाला वाटणारे प्रेम, आणि तेही शारीरिक प्रेम, हा तिचा विषय. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ती वाचून वेदना झाली असेल यात मला शंका नाही. बाईंनी खासगी फिर्याद केली. जुलै १९७७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. कवितेच्या वाङ्मयीन किंवा धार्मिक मूल्याबद्दल तज्ज्ञांच्या साक्षी घ्यायला न्यायाधीशांनी नकार दिला. दहा विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले. संपादक डेनिस लेमन यांना ५०० पौंड दंड आणि नऊ महिन्यांची स्थगित कैद. नियतकालिकाला १००० पौंड दंड. अपिलात कैदेची शिक्षा रद्द झाली, पण दोष कायम राहिला.

मग प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये गेले. प्रश्न असा होता, की निंदा करण्याचा हेतू सिद्ध करायला हवा, की नुसते छापणे पुरे? फेब्रुवारी १९७९ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला. छापण्याचा हेतू पुरे, निंदेचा हेतू असण्याची गरज नाही! खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मनात काय होते हे तपासायचे आणि कवितेच्या खटल्यात मात्र नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

त्याच वर्षी 'लाइफ ऑफ ब्रायन' हा मॉन्टी पायथन मंडळींचा विनोदी चित्रपट आला. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या आणि चुकून मसीहा ठरलेल्या एका बिचाऱ्याची ती गोष्ट. ब्रिटनमधल्या काही नगरपालिकांनी तो दाखवू दिला नाही. नॉर्वेने काही काळ बंदी घातली, तर शेजारच्या स्वीडनमध्ये 'नॉर्वेत बंदी घालावी लागली इतका विनोदी' अशी त्याची जाहिरात झाली. खटला मात्र कोणी भरला नाही. लाखोंनी पाहिलेला चित्रपट सुटला आणि थोडक्यांनी वाचलेली कविता अडकली. असे कायदे बहुधा लहान माणसालाच गाठतात.

त्या १९७९ च्या निकालपत्रांत लॉर्ड स्कारमन यांचे एक निकालपत्र आहे. ते पहिल्यांदा वाचताना मी एका परिच्छेदावर थबकलो, कारण तिथे अचानक आपला देश भेटतो. स्कारमन म्हणतात, हा कायदा रद्द करू नये, उलट तो सर्व धर्मांना लागू करावा. आणि दाखला कुठला, तर मेकॉलेचा! आपण हिंदुस्थानात न्यायाधीश असतो तर मशीद विटाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला शिक्षा करायला कचरलो नसतो, असे मेकॉले पार्लमेंटात बोलला होता. पुढे हिंदुस्थानचा दंडसंहितेचा मसुदा तयार करताना त्याने सर्वांच्याच धर्मभावनांना संरक्षण दिले. तेव्हा हिंदुस्थान बहुधर्मी होता, आज ब्रिटनही तसा झाला आहे, असा स्कारमन यांचा युक्तिवाद. साहेबाने आपल्याकडून कायदा शिकावा, हे वाचून क्षणभर मलाही बरे वाटले.

पण क्षणभरच. मेकॉलेला सर्व धर्म सारखे वाटत होते, कारण त्यातला कुठलाच त्याचा नव्हता; त्याला हवी होती ती शांतता, राज्य करण्यापुरती. शिवाय दंडसंहितेत धार्मिक भावना दुखवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट होती. म्हणजे या बाबतीत इथल्या प्रजेला दिलेला कायदा लंडनमधल्या कायद्यापेक्षा सौम्य होता! आणि शांततेचे म्हणाल, तर लाहोरच्या एका पुस्तिकेवरून वादळ उठले, उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडून दिले, म्हणून १९२७ साली २९५-अ हे नवे कलम आणले गेले. तरी १९२९ साली त्या प्रकाशकाचा भोसकून खून झालाच. तेच कलम आज भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदते आहे.

स्कारमन यांच्या सूचनेची खरी परीक्षा दहा वर्षांनी झाली. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांची 'द सॅटॅनिक व्हर्सेस' ही कादंबरी सप्टेंबर १९८८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १४ जानेवारी १९८९ रोजी गॉटच्याच ब्रॅडफर्डमध्ये भर चौकात तिची प्रत जाळण्यात आली. बरोबर एक महिन्याने, १४ फेब्रुवारीला, इराणच्या आयातुल्ला खोमेनी यांनी लेखकाला मारण्याचा फतवा काढला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. फारसे ठाऊक नाही ते असे, की ब्रिटनमधले काही मुसलमान नागरिक त्याच वेळी रीतसर न्यायालयाचे दार ठोठावत होते. त्यांचा अर्ज साधा होता : ख्रिस्ती माणसाची श्रद्धा दुखावली तर खटला होतो, मग आमची दुखावल्यावर का नाही? १९९० साली उच्च न्यायालयाने उत्तर दिले, की हा कायदा ख्रिस्ती धर्मापुरता आहे आणि तो रुंदावण्याचा अधिकार आम्हाला नाही.

कायद्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते. पण कापडगिरण्यांत राबायला आलेल्या, त्याच देशात कर भरणाऱ्या माणसाला ते कसे लागले असेल? एक तुपाशी, एक उपाशी. या माणसांना रश्दींचे पुस्तक बंद पाडण्याचा हक्क होता असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र दुजाभावाची त्यांची तक्रार खरी होती, आणि तिला प्रामाणिक उत्तरे दोनच होती. एक तर सर्वांना द्या, नाही तर कोणालाच देऊ नका.

ब्रिटनने आधी पहिल्या वाटेकडे पाऊल टाकले. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने धार्मिक द्वेष पसरवण्याविरुद्ध विधेयक आणले. त्याला विरोध करायला पुढे आले ते विनोदी नट रोवन अ‍ॅटकिन्सन, म्हणजे आपले मिस्टर बीन. त्यांचे म्हणणे असे, की माणसाचा वंश ही निवड नसते, पण धर्म हा विचार आहे आणि विचाराची थट्टा करता आली पाहिजे. लॉर्ड्‌स सभेने विधेयक बदलले : धमकीची भाषा आणि द्वेष पसरवण्याचा हेतू असेल तरच गुन्हा, धर्मावरची टीका, नापसंती, टवाळी, अगदी अपमानसुद्धा गुन्हा नाही. ३१ जानेवारी २००६ च्या रात्री सरकारने कॉमन्समध्ये हा बदल उलटवायचा प्रयत्न केला. पहिल्या मतदानात सरकार हरले. दुसऱ्यात २८३ विरुद्ध २८२, म्हणजे एका मताने हरले. आणि पहिल्या मतदानानंतर खुद्द पंतप्रधान घरी निघून गेले होते! युरोपातल्या एका महत्त्वाच्या स्वातंत्र्याची रेघ अशी एका गैरहजेरीने आखली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी जुना गुन्हाही रद्द झाला.

युरोपखंडाचे मानवी हक्क न्यायालय स्ट्रासबर्गला आहे. धक्का देणाऱ्या, बोचणाऱ्या मतांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे त्याचे १९७६ सालचे तत्त्व जगभर उद्धृत होते. (ज्या प्रकाशकाच्या खटल्यात ते सांगितले गेले, तो मात्र खटला हरला.) धर्माचा प्रश्न आला की हेच न्यायालय सावध होते. ऑस्ट्रियात इन्सब्रुक शहरातल्या एका चित्रपटगृहाने १९८५ साली 'प्रेमाची परिषद' अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट दाखवायचे ठरवले. तो ज्या नाटकावर बेतला होता त्याच्या लेखकाने, ऑस्कर पानिझ्झा यांनी, १८९५ साली म्युनिकमध्ये त्यापायी वर्षाची कैद भोगली होती. प्रवेश फक्त मोठ्यांना होता, आशयाची कल्पना जाहिरातीतच दिलेली होती. तरी चित्रपट जप्त झाला आणि १९९४ साली स्ट्रासबर्गने जप्ती योग्य ठरवली. कारणांत एक आकडा आहे : त्या टिरोल प्रांतातले ८७ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. मला हा आकडा अस्वस्थ करतो. ज्यांची संख्या ८७ टक्के आहे त्यांच्या श्रद्धेला तिकीट काढून आलेल्या मूठभर प्रेक्षकांपासून कसला धोका?

आयर्लंडचे थोडक्यात सांगतो. तिथे २००९ साली, म्हणजे शेजारचा कायदा गेल्यावर, ईश्वरनिंदेला २५,००० युरोपर्यंत दंडाचा नवा कायदा झाला. नट स्टीफन फ्राय दूरदर्शनच्या मुलाखतीत देवाविषयी बोलले, तेव्हा एकाने पोलिसांत तक्रार केली. पण भावना दुखावलेली पुरेशी माणसेच मिळेनात, म्हणून २०१७ साली चौकशी बंद झाली. २०१८ सालच्या सार्वमतात जवळजवळ ६५ टक्के लोकांनी ईश्वरनिंदेचा उल्लेख राज्यघटनेतून काढायच्या बाजूने कौल दिला.

म्हणून सगळे सुटले असे कोणी समजू नये. फ्रान्समध्ये ईश्वरनिंदेचा गुन्हा राज्यक्रांतीतच गेला होता, तरी ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. रश्दींना फतव्यानंतर तेहेतीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकेत भर व्यासपीठावर भोसकले गेले. एक डोळा गेला. हल्लेखोराने त्यांच्या पुस्तकाची दोनेक पानेच वाचल्याचे सांगितले होते. कलम रद्द करायला संसदेत बहुमत लागते. सुरीची भीती रद्द करायला काय लागते, ते अजून कोणाला नीट उमगलेले नाही.

डेन्मार्ककडे मी लक्ष ठेवून असतो ते याच कारणाने. 'युलंड्स-पोस्टन' या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी मुहंमद पैगंबरांची बारा व्यंगचित्रे छापली, वकिलाती जळाल्या, तरी सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. ईश्वरनिंदेचे कलम पुस्तकात होते. त्याखाली शेवटची शिक्षा झाली होती ती १९४६ साली, एका नाचाच्या कार्यक्रमात बाहुलीचा बाप्तिस्मा करणाऱ्या जोडप्याला. २०१७ साली डेन्मार्कने तेही कलम काढून टाकले. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात वकिलातींसमोर कुराणाच्या प्रती जाळण्याचे प्रकार सुरू झाले. प्रत जाळणे ही धर्मचिकित्सा नव्हे, पुस्तक न वाचताही ते करता येते. त्या माणसांविषयी मला काडीचा आदर नाही. पण सरकारने दिलेले कारण पाहा. देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे, असे ते होते. ७ डिसेंबर २०२३ रोजी ९४ विरुद्ध ७७ मतांनी नवा कायदा झाला : मान्यताप्राप्त धर्मांच्या ग्रंथांना जाहीरपणे अनुचित वागणूक दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. या वेळी सर्व धर्मांना सारखे संरक्षण आहे, स्कारमन खूश झाले असते. कलावंतांसाठी एक सवलतही ठेवली आहे. तशी कृती मोठ्या कलाकृतीचा छोटासा भाग असेल तर गुन्हा नाही. किती भाग म्हणजे छोटासा, हे आता कोपनहेगनच्या न्यायाधीशांनी मोजत बसायचे आहे.