यशाचे श्रेय आणि शिक्षकाचा वाटा



दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकांत शिकवणीवर्गांचे फलक झळकू लागतात. त्यांवर विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, टक्केवारी असते आणि सर्वांत ठळक अक्षरांत वर्गचालकाचे नाव असते. नापासांचे श्रेय घेणारा फलक अद्याप कोठे लागलेला नाही! हा व्यापार उघड आहे, म्हणून तो बाजूस ठेवू. गंभीर प्रश्न निराळा आहे. विद्यार्थ्याच्या यशातील शिक्षकाचा वाटा मोजून त्यावर त्याचे वेतन ठरविता येईल काय?

अनेक घटकांच्या संयोगातून जे निर्माण होते, त्यातील एकाचा वाटा काढावयाचा तर बाकीचे घटक स्थिर मानावे लागतात, असे अर्थशास्त्र सांगते. माणूस घडण्याच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यामागे परळच्या चाळीतील एक खोली होती आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारे सुभेदार रामजी होते. सत्काराच्या सभेत बुद्धचरित्र भेट देणारे आणि पुढे सयाजीराव महाराजांपाशी शब्द टाकणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक खरे, परंतु विल्सन हायस्कुलाचे. भीमराव त्यांच्या वर्गात कधी बसलेच नव्हते. उलट, ज्यांच्या वर्गात बसावयाचे त्या संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्य म्हणून शिकविण्यास नकार दिला आणि भीमरावांना फारसी घ्यावी लागली. निकालपत्रकाच्या हिशेबाने मात्र श्रेय जाते ते त्या शाळेला, आणि केळुसकर गुरुजींच्या खाती शून्य पडते. याचा अर्थ शिक्षकाचे श्रेय नाकारावे असा नव्हे. कोलंबियातील जॉन ड्युई 1952 साली निवर्तले तेव्हा आपले सारे बौद्धिक जीवन त्यांचे ऋणी असल्याचे बाबासाहेबांनी पत्रात लिहिले. पण ते ऋण कळावयास तीन तपे लोटली होती. त्यावर कोणती वेतनवाढ देणार?

इंग्लंडने हा प्रयोग 1862 साली केला. रॉबर्ट लो यांच्या संहितेने शाळेचे अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेशी जोडले. परिणाम असा की मुले धडे पाठ म्हणू लागली, अर्थ कळो वा न कळो. मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः सरकारी शाळातपासनीस. त्यांनीच या पद्धतीवर कठोर टीका केली. शतक संपण्यापूर्वी ती मोडीत निघाली. तरी महाराष्ट्र शासनाने 2017 साली शिक्षकांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीला शाळेच्या श्रेणीची व निकालाची अट घातलीच. शिक्षकांच्या विरोधानंतर ती सोडावी लागली.

अशा अटीचा फटका कोणाला बसतो? बीडकडील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांच्या तळावर जातात आणि परततात तेव्हा वर्ष सरत आलेले असते. त्यांना अक्षरओळख टिकवून ठेवण्यास लावणाऱ्या शिक्षकाचे श्रम मोठे, पण त्याचा निकाल लहानच दिसणार. सुखवस्तू वस्तीतील शाळेचा निकाल अर्धा घरीच लागलेला असतो.

तेव्हा शिक्षक संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी श्रेयाच्या वादात न गुंतता मागणी करावी ती साखरशाळांची, हंगामी वसतिगृहांची, रिक्त जागा भरण्याची, आणि 2000 सालापासून नवख्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबविणारी शिक्षणसेवक योजना रद्द करण्याची.