डांगे आणि ‘संशोधनवादा’चा शिक्का



‘संशोधनवादी’ हा शब्द मराठी कानाला गौरवाचा वाटतो. प्रयोगशाळेत रात्र जागवणारा कुणी ज्ञानोपासक डोळ्यांसमोर येतो. कम्युनिस्टांच्या परिभाषेत मात्र ती शिवी आहे. मार्क्सच्या मूळ सिद्धान्तात फेरफार करून भांडवलशाहीशी तडजोड करणारा, असा तिचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन समाजवादी एडुआर्ड बर्नस्टाईन यांच्यावरून जो वाद माजला, त्यातून ती रूढ झाली. भारतात तिचे मोठे धनी ठरले कॉ. श्रीपाद अमृत डांगे.

डांगे कोण, हे गिरणगावाला सांगावे लागत नसे. १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप, मीरत खटला, १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत लोकसभेवर झालेली निवड. अशा नेत्याविरुद्ध एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्रीय परिषदेच्या ३२ सदस्यांनी सभात्याग केला. फुटून निघालेल्यांच्या लेखी उरलेला पक्ष म्हणजे संशोधनवादी ‘डांगे गट’!

मतभेद खरे होते. १९६२ च्या आक्रमणात डांग्यांनी चीनला दोष दिला, ही त्यांची देशनिष्ठा कित्येक सहकाऱ्यांना रुचली नव्हती. त्याखाली दुसरा, अधिक खोल प्रश्न होता तो भांडवलाचा. देशी भांडवलदारांतील एका वर्गाला साम्राज्यशाहीविरुद्ध सोबत घेता येईल, असे डांग्यांच्या पक्षाचे म्हणणे; तर हे राज्यच बड्या भांडवलदारांच्या नेतृत्वाखाली चालते, असे विरोधकांचे. या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालावा, इतका तो मोलाचा होता. परंतु त्याच सुमारास १९२४ ची म्हणून काही पत्रे पुढे आली. डांग्यांनी इंग्रज सरकारला सहकार्य देऊ केल्याचा आरोप त्यांवरून झाला. डांगे म्हणाले, पत्रे बनावट आहेत. धोरणाची चर्चा चारित्र्यावर घसरली. एकदा शिक्का बसला की प्रतिपक्षाला उत्तर देण्याचे कारणच उरत नाही.

शिक्का मारणारेही त्यातून सुटले नाहीत. नक्षलबारीनंतर १९६९ मध्ये निघालेल्या पक्षाने मार्क्सवाद्यांना ‘नवसंशोधनवादी’ ठरवले. डांग्यांचे पुढे काय झाले? आणीबाणीला दिलेला पाठिंबा पक्षाने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात चुकीचा मानला. डांग्यांनी काँग्रेसशी सहकार्याचा हट्ट सोडला नाही. तो हट्ट समर्थनीय नव्हताच. पण १९८१ मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या या नेत्याला त्यांच्याच पक्षाने बाहेर काढले.

आणि भांडवलाचा प्रश्न? तो २००६ मध्ये सिंगूरला उभा राहिला. बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या मार्क्सवादी सरकारने टाटांच्या मोटार कारखान्यासाठी सुमारे हजार एकर जमीन घेतली. बड्या भांडवलदारांचे राज्य म्हणून ज्यांनी दिल्लीला हिणवले, त्यांनीच बड्या उद्योगपतीला आवतण दिले! आघाडीतील फॉरवर्ड ब्लॉक आणि आर.एस.पी. कुरकुरले. जानेवारी २००८ मध्ये ज्योती बसूंनी बुद्धदेवांची बाजू घेतली. उद्योगांसाठी भांडवल हवेच आणि समाजवाद अजून दूर आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. १९६४ ला सभात्याग करणाऱ्या ३२ जणांत ज्योतीबाबूही होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडले. २०११ मध्ये चौतीस वर्षांची सत्ता गेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा आदेश दिला. तोवर तिच्यावर कारखान्याच्या छपराखाली सिमेंट ओतून झाले होते.