बिघाड कसा सांगावा: जुन्या गृहसंगणकांविषयी

(वेस्ट मांबलम, चेन्नई येथे मराठी श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या यंत्रांविषयी आज बोलावयाचे आहे, ती बहुधा आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर पडून असतील. येथील तमिळ घरांत ज्याला 'परण' म्हणतात त्या जागी, गोलूच्या बाहुल्यांच्या पेटीशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा गृहसंगणक असतो. तो कोणी टाकून देत नाही आणि कोणी सुरूही करून पाहत नाही. व्यवसायाने मी अनुवादक आहे, अभियंता नव्हे. तांत्रिक पुस्तके मराठीत आणताना या यंत्रांच्या दुरुस्तीविषयी बरेच वाचावे लागले. त्यातून माझे एक मत बनले आणि तेच आज मांडावयाचे आहे. जुना संगणक वाचतो की मरतो हे पुष्कळदा दुरुस्ती करणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा, यंत्राचा मालक बिघाड कसा सांगतो आणि मदत येईपर्यंत यंत्राचे काय करतो, यावर ठरते.

आपल्याकडे आढळणारी यंत्रे मुख्यतः दोन घराण्यांची आहेत. पहिले घराणे सिंक्लेअरचे. झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक ब्रिटनमध्ये १९८२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. त्याची सुधारलेल्या कळफलकाची आवृत्ती १९८४ साली निघाली आणि तीच पुढे १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याने भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकली. दुसरे घराणे एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोचे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' या योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांत संगणक पोहोचविले. ते याच जातीचे होते. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्यांची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली. आज या यंत्रांचे पालकत्व कोणाकडेच नाही. सिंक्लेअरने आपला संगणकाचा व्यवसाय १९८६ साली ॲमस्ट्रॅडला विकला. मोहालीच्या कारखान्याला १९८९ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली. स्पेक्ट्रमच्या पोटातील झेड-८० हा प्रक्रियक तेवढा आश्चर्यकारक दीर्घायुषी ठरला. १९७६ साली जन्मलेल्या या चिपच्या अखेरच्या मागण्या झायलॉग कंपनीने २०२४ च्या जूनपर्यंत स्वीकारल्या आणि मग तिचे उत्पादन आवरते घेतले.

मोठ्या संगणकांची गोष्ट निराळी होती. १९७८ साली आयबीएमने भारतातील आपला कारभार गुंडाळला तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल 'कंप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' या सरकारी कंपनीने हाती घेतली. देखभाल हा शब्द ज्या संस्थेच्या नावातच आहे अशी संस्था एका देशाला उभारावी लागली, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. घरातल्या लहान यंत्राला मात्र असा वाली मिळाला नाही. त्याच्या मालकाला कोणी ना कोणी जाणकार शोधावा लागतो, आणि त्या जाणकाराला यंत्र बहुधा दिसतही नसते. तो दुसऱ्या गावी, कित्येकदा दुसऱ्या देशात असतो. त्याच्यापाशी आपले शब्द तेवढे पोहोचतात.

आणि आपण शब्द कोणते पाठवितो? "चालत नाही." वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच सांगून परतावे, तसे हे आहे. तमिळ भाषेत बिघाडाला 'पळुदु' असा एक चांगला शब्द आहे. आपल्याकडे बिघाड, दोष, खोट असे तीन तरी आहेत. पण शब्द असणे निराळे आणि लक्षण सांगणे निराळे.

स्पेक्ट्रमचे उदाहरण घेऊ. यंत्र निरोगी असेल तर वीज देताच पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा होतो आणि तळाशी १९८२ हे साल असलेली सिंक्लेअरच्या स्वामित्वाची ओळ उमटते. ती उमटली नाही तर पडद्यावर काय आहे ते पाहावे. नुसती मुंग्यांसारखी खरखर असेल, तर दोष यंत्रात असेलच असे नाही. हे यंत्र आपले चित्र दूरदर्शन संचाला छत्तिसाव्या वाहिनीवर पाठविते, आणि संचाने ती वाहिनी पकडली नसेल तर निरोगी यंत्रही मेल्यासारखेच दिसते. अशा वेळी कान उपयोगी पडतात: कळ दाबल्यावर यंत्रातील लहानशा ध्वनिकातून बारीक 'टिक' ऐकू आली, तर यंत्र जिवंत आहे आणि चित्राची वाट तेवढी बंद आहे. हे एक वाक्य जाणकाराला कळविले, तर त्याचे आणि आपले कित्येक दिवस वाचतात.

पडद्यावर उभ्या रेघा दिसत असतील तर त्या मोजाव्यात. हे सांगितले की लोक हसतात. पण त्यामागे पक्के कारण आहे. स्पेक्ट्रमच्या पडद्यावरील चित्र स्मृतीच्या पहिल्या सोळा किलोबाइटांत साठविलेले असते आणि हा भाग आठ चिपांत वाटलेला असतो. प्रत्येक बाइटाचे आठ बिट असतात आणि एकेका चिपेकडे प्रत्येक बाइटातील एकेक बिट सोपविलेला असतो. साहजिकच यांपैकी एक चिप बिघडली, तर पडद्यावर दर आठव्या ठिपक्याला एक उभी रेघ येते. ती रेघ आठांपैकी कितव्या स्थानी आहे यावरून कोणती चिप बिघडली ते बोर्डाला हात न लावताही पुष्कळदा सांगता येते. "पडद्यावर काहीतरी घाण दिसते" असे लिहिणाऱ्याला कोणीही आठही चिपा बदलण्याचाच सल्ला देईल. दर आठव्या ठिपक्याची गोष्ट कळविणाऱ्याला एकच चिप बदलावी लागते, आणि जुना बोर्ड आठ वेळा तापविण्यापासून वाचतो. बोर्डावरील तांब्याच्या वाटा नाजूक असतात. वारंवार तापविल्याने त्या उखडतात, आणि मग मूळचा दोष राहतो बाजूला.

कळफलकाचेही असेच. चाळीस कळा पाच-पाचच्या आठ गटांत जोडलेल्या असतात. एखादी सुटी कळ मेली तर दोष त्या कळेपाशीच असण्याचा संभव. पण क्यूपासून टीपर्यंतच्या पाचही कळा एकदम मेल्या असतील, तर आतील पातळ पापुद्र्याची पट्टी तडकली आहे असे समजावे. तो पापुद्रा वयाने ठिसूळ झालेला असतो. उत्साही माणूस झाकण उघडून पट्टी ओढतो आणि ती हातात येते.

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. तो यंत्राच्या आत नसतो, दुकानात असतो. मूळचा अडॅप्टर हरवला की माणूस अण्णा सालईजवळच्या रिची स्ट्रीटवर जातो, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत, आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर मागतो. दुकानदार नऊ व्होल्टचाच देतो. त्याचे काही चुकत नाही. परंतु स्पेक्ट्रमला पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असा अडॅप्टर लागतो, आणि आज मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. तो लावताच आतील मंडलाला इजा होते आणि चाळीस वर्षे टिकलेले यंत्र एका क्षणात रोगी बनते. म्हणून पिनेची ध्रुवता मल्टिमीटरने तपासल्यावाचून काहीही जोडू नये. मूळ अडॅप्टर हाती असेल तर आणखी एक फसगत संभवते: भार नसताना तो नवापेक्षा बराच जास्त दाब दाखवितो. ती त्याची प्रकृती आहे, दोष नव्हे. पण एवढ्यावरून चांगले अडॅप्टर भंगारात गेले आहेत.

विजेचा हा प्रश्न आत गेल्यावर आणखी नाजूक होतो. मघाशी सांगितलेल्या आठ चिपांना तीन निरनिराळे दाब लागतात: धन पाच, धन बारा आणि ऋण पाच. ऋण पाच बंद पडला आणि धन बारा चालू राहिला, तर या चिपा जळतात. यंत्रातील ज्या लहान ट्रान्झिस्टरच्या आधाराने हे दाब तयार होतात, तो निकामी होणे हा स्पेक्ट्रमचा नेहमीचा रोग आहे. म्हणूनच नुसत्या चिपा बदलून यंत्र सुरू केले, तर नव्या चिपाही त्याच वाटेने जातात. आधी तिन्ही दाब मोजावेत, ते कागदावर लिहावेत आणि मगच चिपांचा विचार करावा. मापनाचे हे तीन आकडे मदत मागणाऱ्याच्या पत्रात असले, तर निम्मे निदान झाल्यासारखेच आहे.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत माझा सल्ला अधिक कडक आहे. या यंत्राच्या विद्युत्पुरवठ्यात घरच्या विजेच्या वाटेवरच 'रिफा' या नावाचे कपॅसिटर बसविलेले असतात. त्यांच्या आतील निरोधक थर कागदाचा असतो आणि वरचे पारदर्शक आवरण काळाने तडकते. तडांतून दमट हवा आत शिरते. आपल्या या शहराची हवा बाराही महिने कशी असते हे मी सांगावयास नको. असे यंत्र "एकदा लावून तर पाहू" म्हणून सुरू केले, की थोड्या वेळाने मोठा आवाज होतो आणि खोली उग्र धुराने भरते. गंमत म्हणजे यंत्र पुष्कळदा त्यानंतरही चालूच राहते. तेव्हा हे कपॅसिटर बदलल्याशिवाय बीबीसी मायक्रोला वीज देऊ नये, आणि ते काम माहितगार माणसाकडूनच करवून घ्यावे. वीज काढल्यावरही या पेटीत भार साठून राहतो. पुढचे निदान त्या मानाने सोपे. निरोगी यंत्र सुरू होताना आधी खालचा आणि मग वरचा असे दोन स्वर काढते. पहिलाच स्वर अखंड चालू राहिला तर प्रक्रियकाला आपले काम सुरू करता आलेले नाही. पडद्यावर 'लँग्वेज?' असा प्रश्न आला तर बेसिकची चिप यंत्राला सापडत नाही; कित्येकदा ती आपल्या बैठकीत नीट बसवली की भागते, कारण खाऱ्या हवेने तिचे पाय काळवंडलेले असतात.

मदत कोणाकडे मागावी? माझ्या मते जुन्या दूरदर्शन संचांच्या कारागिराला आपण फार लवकर विसरलो. संगणक त्याला ठाऊक नसेल, पण विद्युत्पुरवठा, कपॅसिटर आणि चित्राची वाहिनी या गोष्टी त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात, आणि या यंत्रांचे पुष्कळसे रोग तेथेच असतात. त्याच्याकडे जाताना मंडलाची आकृती छापून न्यावी. स्पेक्ट्रमची दुरुस्ती-पुस्तिका १९८४ साली तयार झाली. यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीची आज्ञागणिक फोड सांगणारे इयान लोगन आणि फ्रँक ओहारा यांचे पुस्तक त्याच्याही आधी, १९८३ साली निघाले. एवढ्या तपशिलाने उघडे झालेले यंत्र आजच्या बाजारात मिळणे कठीण.

या कारागिरांशी बोलण्यासाठी आपली भाषा कमी पडत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. सोल्डरिंगला मराठीत 'डाख' हा तांबटांचा जुना शब्द आहे. सैल पडलेल्या सांध्याला मी एका अनुवादात 'सुटलेला डाख' म्हटले, तर संपादकांनी तो खोडून 'दोषपूर्ण संधान' असे लिहिले. ते अधिक शुद्ध असेल. पण त्यावरून कोणता कारागीर हाती डाखणी घेईल?

दूरच्या जाणकाराला लिहिताना यंत्राचे नाव आणि बोर्डावर छापलेला आवृत्तीचा क्रमांक द्यावा. अडॅप्टर आणि पडदा कोणता वापरला, काय दिसले, काय ऐकू आले, कोठे किती दाब मोजला, हे घडले त्या क्रमाने सांगावे. पूर्वी कोणी काय बदलले तेही लपवू नये. या एका गोष्टीचा लोकांना फार संकोच वाटतो. आपला तर्क शेवटी लिहावा, आणि तो तर्क आहे असे म्हणून लिहावा. उत्तर आल्यावर एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम, तो निराशाजनक असला तरी, कळवावा. पुष्कळ लोक यंत्र सुरू झाले की गप्प होतात, आणि त्याच रोगाने पिडलेल्या पुढच्या माणसाला अर्धीच हकीकत वाचावयास मिळते.

शेवटी कॅसेटींविषयी. यंत्रासारखे दुसरे यंत्र मिळू शकेल. पण वडिलांनी किंवा मुलाने त्या काळी स्वतः लिहिलेली आज्ञावली एकाच फितीवर असते. म्हणून घाई यंत्राची करू नये, फितीची करावी. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती फीत मुळीच वाजवू नये. बुरशी टेपरेकॉर्डरच्या शीर्षाला लागते आणि तेथून दुसऱ्या फितींवर जाते. फीत स्वच्छ असेल तर शीर्ष पुसून, तिचा आवाज आजच्या संगणकावर कोणतेही संक्षेपण न करता ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्यासाठी जुना संगणक चालू असण्याची गरजही नाही. त्या ध्वनीतून आज्ञावली पुढे केव्हाही सोडवून घेता येते. प्रत्यक्ष स्पेक्ट्रमवर फीत चढविताना पडद्याच्या कडेला आधी तांबडे व आकाशी आणि मग निळे व पिवळे पट्टे धावतात. तांबडे-आकाशी पट्टे अस्पष्ट, तुटक असतील तर आवाज कमी आहे किंवा शीर्ष तिरके आहे. शीर्षाजवळचा लहान स्क्रू कणभर फिरवीत, स्वर सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तेथे थांबावे.

२०१५ च्या डिसेंबरातील पुराचे पाणी या वस्तीतही शिरले होते. ज्यांच्या कॅसेटी तेव्हा खालच्या कपाटात होत्या, त्यांच्यापैकी कोणी येथे असतील तर त्यांनी त्या फिती सुकल्या आहेत म्हणून वाजवू नयेत. आधी मला दाखवाव्यात. ज्यांनी आज यंत्रे बरोबर आणली आहेत, त्यांनी ती या मेजावर ठेवावीत, अडॅप्टर मात्र भिंतीला जोडू नयेत. मल्टिमीटर माझ्यापाशी आहे.