पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण रूढ झाली तेव्हा पुढचा आणि मागचा एकाच पायवाटेने चालत असत. पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला प्रत्यक्ष दिसे. अणुविद्युत् केंद्रे मात्र परस्परांपासून शेकडो मैल दूर असतात. एका केंद्राची ठेच दुसऱ्याला दिसत नाही. ती कळवावी लागते. ती न कळविल्यास काय घडते, हे अमेरिकेतील दोन घटनांवरून दिसून येते.

२४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली, ती मिटलीच नाही. भट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यातून निसटू लागले. पातळीदर्शक मात्र पाणी भरपूर असल्याचे दाखवीत होता. म्हणून चालकांनी आपत्कालीन पाणीपुरवठा बंद केला. सुमारे वीस मिनिटांनी खरा प्रकार ध्यानात आला. भट्टी त्या वेळी अगदी अल्प शक्तीवर चालू असल्याने हानी टळली.

भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी या घटनेचा अर्थ अचूक ओळखला. इतर केंद्रांतील चालकांना स्पष्ट सूचना द्याव्यात, असे त्यांनी लेखी सुचविले. ती टिपणे कंपनीच्या विभागांतच रेंगाळली. पुढे २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात, त्याच कंपनीच्या भट्टीची झडप तशीच उघडी राहिली. झडप मिटविण्याचा आदेश गेला, एवढेच नियंत्रण कक्षातील दिवा सांगत होता; ती खरोखर मिटली की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. चालकांचा पुन्हा तोच गैरसमज झाला आणि त्यांनी पाणी कमी केले. गळती थांबण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला. भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

ज्ञान अस्तित्वात होते. पण ते ज्याच्या हाती हवे होते, त्याच्या हाती नव्हते. सोव्हिएत संघातही हेच घडले. लेनिनग्राड केंद्रात १९७५ साली झालेल्या अपघाताने एका विशिष्ट जातीच्या भट्टीचे दोष सूचित केले होते. त्याच जातीच्या भट्टीवर काम करणाऱ्या चेर्नोबिलच्या चालकांना १९८६ पर्यंत त्यांची पुरेशी कल्पना देण्यात आली नव्हती.

या आघातांनंतर व्यवस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेतील केंद्रचालकांनी १९७९ सालीच अनुभवांच्या देवाणघेवाणीसाठी संस्था स्थापिली. १९८९ साली मॉस्को येथे केंद्रचालकांची जागतिक संघटना जन्मास आली. भारतासही हा विषय परका नाही. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. केबली जळाल्याने केंद्राचा वीजपुरवठा सुमारे सतरा तास खंडित झाला. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाचे डिझेल पंप चालवून भट्टी थंड राखली. तेथील अनुभव इतर भारतीय केंद्रांतील सुधारणांस कारणी लागला.

परंतु केवळ संस्था स्थापून भागत नाही. जेथे चूक कळविणाराच प्रथम दंडास पात्र ठरतो, तेथे चुका थांबत नाहीत. त्यांचे अहवाल मात्र थांबतात. आणि आलेला अहवाल दप्तरी दाखल झाला, म्हणजे कार्यभाग साधला असेही नव्हे. रात्रपाळीच्या चालकाने तो वाचला, समजून घेतला आणि त्याबरहुकूम आपला हात योग्य कळीकडे नेला, तरच पुढच्याची ठेच सार्थकी लागली असे म्हणता येईल.